सामाजिक शुभवर्तमान

प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्मातील एक सुधारणावादी विचारप्रवाह व चळवळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तिचा उदय झाला. व्यक्तीचे तारण व तिला लाभणारी मनःशांती एवढ्यापुरताच ख्रिस्ताचा संदेश मर्यादित नसून, समाजव्यवस्थेतील अन्यायाचे निवारण हेही त्या संदेशाचे अविभाज्य अंग होय, ही तिची मूळ भूमिका.

यादवी युद्धानंतर (१८६१–६५) अमेरिकेत उद्योगधंद्यांची झपाट्याने वाढ झाली. शहरांत स्थलांतरित मजुरांच्या दाट व रोगट वस्त्या उभ्या राहिल्या. दीर्घकाळ काम, अपुरे वेतन व बालमजुरी ही नित्याची बाब झाली. बहुसंख्य धर्मोपदेशकांचा भर मात्र वैयक्तिक पश्चात्तापावर व सदाचारावर होता. दारिद्र्य हे आळस व व्यसन यांचे फळ मानल्याने सुस्थितीतील भाविकांचे समाधान अबाधित राही. ओहायओ राज्यातील कोलंबस येथील धर्मोपदेशक वॉशिंग्टन ग्लॅडन (१८३६–१९१८) याने या दृष्टीस विरोध करून कामगारांच्या संघटनास्वातंत्र्याचा पुरस्कार केला.

चळवळीचा प्रमुख तत्त्वचिंतक वॉल्टर राउशेनबुश (१८६१–१९१८) हा होय. तो भक्तिप्रधान जर्मन बॅप्टिस्ट परंपरेत वाढला. १८८६ मध्ये न्यूयॉर्कमधील ‘हेल्स किचन’ या गरीब वस्तीलगतच्या चर्चमध्ये तो रुजू झाला, तो आत्म्यांच्या उद्धाराच्या हेतूने. परंतु तेथील बेकारी आणि कुपोषण, विशेषतः बालकांच्या अंत्यविधींचे वारंवार येणारे प्रसंग, यांमुळे केवळ वैयक्तिक उपदेश त्याला अपुरा वाटू लागला. ख्रिश्चॅनिटी अँड द सोशल क्रायसिस (१९०७) या ग्रंथात त्याने हिब्रू प्रेषितांची न्यायनिष्ठा व ख्रिस्ताची ‘देवाचे राज्य’ ही कल्पना यांचा संबंध जोडून दाखविला. पाप हे व्यक्तीच्या ठायी असते, तसेच ते संस्था व रूढी यांच्याद्वारे पिढ्यान्‌पिढ्या संक्रांत होते, असे त्याने अ थिऑलॉजी फॉर द सोशल गॉस्पेल (१९१७) या ग्रंथात प्रतिपादन केले. तथापि आंतरिक भक्ती त्याने त्याज्य मानली नाही. सामाजिक जागृतीसाठी त्याने रचलेल्या प्रार्थना १९१० मध्ये प्रसिद्ध झाल्या.

१९०८ मध्ये स्थापन झालेल्या ‘फेडरल कौन्सिल ऑफ चर्चेस’ या संघटनेने बालमजुरीचे उच्चाटन, साप्ताहिक सुटी, निर्वाहयोग्य वेतन इ. मागण्यांचा सामाजिक जाहीरनामा स्वीकारला.

पहिल्या महायुद्धामुळे (१९१४–१८) चळवळीच्या प्रगतिविषयक आशावादास धक्का बसला. समूहांचा स्वार्थ केवळ सदिच्छेने दूर होत नाही, अशी टीका राइनहोल्ड नीबुर (१८९२–१९७१) याने मॉरल मॅन अँड इम्मॉरल सोसायटी (१९३२) या ग्रंथात केली. तसेच कृष्णवर्णीयांवरील अन्यायाकडे चळवळीच्या अनेक श्वेतवर्णीय नेत्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही. असे असूनही, त्या अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग (१९२९–६८) याने स्ट्राइड टोवर्ड फ्रीडम (१९५८) या ग्रंथात राउशेनबुशचे ऋण मान्य केले. राउशेनबुशचा आशावाद त्याला भाबडा वाटला. परंतु आत्म्याची काळजी वाहणाऱ्या धर्माला माणसाच्या ऐहिक दुःखाकडे पाठ फिरविता येत नाही, हे तत्त्व त्याने स्वीकारले.