फिरत्या घराची मोरी

माणूस हवापालटासाठी बाहेर पडतो तो घराला कंटाळून. पण चार कोस गेला नाही तोच घरातली एकेक गोष्ट त्याला आठवू लागते. आधी उशी आठवते, मग चहा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जी गोष्ट आठवते तिच्यापुढे उशी आणि चहा दोन्ही फिके पडतात. शाळेत मी तीस वर्षे इतिहास शिकवला. स्वाऱ्या शिकवल्या, तह शिकवले. अमुक हजारांची फौज तमुक गावी मुक्कामाला राहिली, हे फळ्यावर असंख्य वेळा लिहिले. पण सकाळी उठून ही सगळी फौज गेली कुठे, हे एकाही बखरकाराने लिहून ठेवलेले नाही. वर्गातल्या पोरांनीही कधी विचारले नाही, हे त्यांचे उपकारच.

अखेर हा प्रश्न मला विचारला तो माझ्या पुतण्याने, आणि तोही थेट मिशिगनमधून. त्याला तिकडे पॉप-अप कॅम्पर नावाची वस्तू घ्यायची होती. ही वस्तू ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोटारीच्या मागे जोडायची एक चपटी, चाकांची पेटी. तळावर पोचले की एक दांडा फिरवायचा. छप्पर वर उचलले जाते. मग पुढून-मागून दोन बिछाने खणासारखे बाहेर ओढायचे. भिंती कापडाच्या. थोडक्यात, छत्री आणि बैलगाडी यांचा संसार. प्रश्न एवढाच होता की आत शॉवर आणि संडास बसवलेला कॅम्पर घ्यावा की नुसता?

“काका, जागाच केवढी!” पुतण्या म्हणाला. “संडास बसवला की सामानाची जागा गेली. आणि भिंती कापडाच्या. आत बसलेल्या माणसाला बाहेरच्यांच्या गप्पा ऐकू येतात.”

“आणि रात्री दोन वाजता, पावसात, लहान मुलीला उठवून टॉर्च घेऊन कोणी न्यायचं?” मागून सूनबाईंचा आवाज आला. “हे विचारा ना काका त्यांना.”

दोन्ही मुद्दे बिनतोड होते. अशा वेळी शहाण्या माणसाने इतिहासाचा आधार घ्यावा. इतिहास दोन्ही बाजूंना सारखाच उपयोगी पडतो.

हा वाद काही मिशिगनमध्ये सुरू झालेला नाही. आपल्याकडे १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली. त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक खालच्या वर्गाचा उतारू डब्यात संडास नसताना शेकडो मैल जात होता. स्टेशन आले की उतरायचे आणि गार्डाची शिट्टी व्हायच्या आत परत यायचे. १९०९ साली बंगालमधल्या ओखिलचंद्र सेन नावाच्या एका गृहस्थांना हे जमले नाही. फणस जास्त खाल्ला गेला होता. अहमदपूर स्टेशनावर ते उतरले, तेवढ्यात गाडी सुटली, आणि एका हातात लोटा नि दुसऱ्या हातात धोतर धरून हे गृहस्थ फलाटावर पळता पळता पडले. त्यांनी साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला मोडक्यातोडक्या पण संतापाने रसरसलेल्या इंग्रजीत तक्रार धाडली आणि गार्डाला दंड करायची मागणी केली. या पत्रामुळेच खालच्या वर्गाला संडास मिळाला, असे सांगतात. गार्डाला दंड झाला की नाही ते कोणी सांगत नाही. मोठमोठ्या अर्जांनी जे साधत नाही ते कधी कधी एका फणसाने साधते.

आता गंमत पाहा. इकडे सेनबाबू फलाटावर पडले, आणि पुढच्याच वर्षी, १९१० साली, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीने ‘टूरिंग लँडो’ नावाची मोटार मांडली. अमेरिकेतल्या फिरत्या घरांची ही आजीबाई. मागची बैठक उलगडली की पलंग व्हायचा, शोफरच्या पाठीमागून हात धुवायचे भांडे खाली यायचे, शोफरशी बोलायला टेलिफोन होता, आणि मालकाच्या सोयीसाठी शौचाचे भांडेही होते. म्हणजे फिरत्या घराच्या जन्मापासून संडास त्यात आहे. सूनबाईंची बाजू येथे एकदम वजनदार झाली. पण ते भांडे तळावर रिकामे कोण करायचे? मालक खासच नाही. टेलिफोन कशासाठी होता, हे मला तेव्हा उमगले.

पुढे मोटारी स्वस्त झाल्या आणि शोफर नसलेली माणसे भटकू लागली. १९१९ साली फ्लॉरिडातल्या टँपा गावी अशा भटक्यांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाचा संघच काढला. यांच्याजवळ तंबू, डबाबंद खाणे आणि उत्साह एवढेच. बाकीच्या सोयी गावाने कराव्यात ही अपेक्षा. गावांनीही मोटारवाल्यांसाठी तळ उभारले, पाणी दिले, संडास बांधले. १९६२ साली माँटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावी कोआ या तळवाल्या कंपनीने पहिला तळ उघडला तेव्हा रात्रीचे भाडे पावणेदोन डॉलर होते, आणि त्यात गरम पाण्याचा शॉवर आणि स्वच्छ संडास धरलेला होता. ही झाली पुतण्याची बाजू. पावणेदोन डॉलरात दुसऱ्याची मोरी मिळत असताना स्वतःची मोरी शेकडो मैल ओढत न्यायची कशाला?

साठीच्या दशकाच्या अखेरीस मात्र दोन्ही बाजूंना नवा दारूगोळा मिळाला. १९६८ साली इंडियानात लॉइड बाँट्रेगर या गृहस्थांनी छप्पर वर उचलायची स्वतःची युक्ती काढून जेको कंपनी सुरू केली. कारखाना कुठे, तर शेतावरच्या कोंबड्यांच्या खुराड्यांत. त्याच सुमारास मिशिगनच्या थेटफर्ड कंपनीचा ‘पोर्टा पॉटी’ बाजारात आला. हा उचलून नेता येणारा संडास. वर बैठक, खाली झाकणाची टाकी. एकाने घराची घडी घातली, दुसऱ्याने संडासाला मूठ बसवली.

राहिली आंघोळ. तिचा निकाल मात्र जमिनीवर लागला नाही, तो अवकाशात लागला. स्कायलॅब म्हटले की माझ्या वयाच्या माणसाला १९७९ चा जुलै आठवतो. ‘पडणार, पडणार’ म्हणून सगळा देश आभाळाकडे बघत होता, आणि आमच्या गल्लीत एकाने तेवढ्यासाठी वाण्याची उधारी द्यायचे थांबवले होते. ती बापडी ११ जुलैला हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडली, आणि उधारी द्यावी लागली. पण १९७३ मध्ये ती वर गेली तेव्हा तिच्यात न्हाणीघर होते, हे त्या गडबडीत कोणी सांगितले नाही. हे न्हाणीघरही घडीचेच! जमिनीवर कापडाचे गोल नळकांडे चेपून ठेवलेले. ते वर ओढून छताला अडकवायचे, आत शिरायचे आणि जेमतेम तीन लिटर पाण्यात आंघोळ उरकायची. पाणी खाली पडायला तयार नाही, ते अंगाला चिकटून बसायचे. मग ते यंत्राने शोषून काढायचे, कापड पुसायचे. सगळी तयारी आणि आवराआवर धरून एका आंघोळीला अडीच तास. आमच्याकडे सोवळ्याची आंघोळसुद्धा इतकी लांबत नसे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात २००० सालापासून माणसे राहत आहेत. तिथे शॉवर ठेवलेलाच नाही. ओल्या टॉवेलाने अंग पुसतात. संडास मात्र ठेवला आहे, आणि लघवी शुद्ध करून तिचे पाणी पितातही.

यातून मला पहिला धडा मिळाला तो असा: आंघोळ उद्यावर ढकलता येते. दुसरी गोष्ट ढकलता येत नाही, हे सेनबाबूंनी सिद्ध केलेले आहे. शिवाय पाण्याला वजन असते. अशा कॅम्परची पाण्याची टाकी पाऊणशे लिटरची धरा, म्हणजे पाऊणशे किलो. एक धडधाकट पाहुणाच मागे बसला. त्यातले गरम होणार तेवीस-चोवीस लिटर, म्हणजे दीड बादली. आणि वापरलेले पाणी काही नाहीसे होत नाही. ते रानात सोडायचे नसते, म्हणून दुसऱ्या टाकीत साठवून पुन्हा ओढत न्यायचे. स्वच्छ पाणी ओढणे समजू शकते. आपल्याच आंघोळीचे पाणी गावोगाव मिरवण्यात काय पुण्य आहे?

म्हणजे शॉवर बाद आणि संडास मंजूर, असे म्हणून मी मोकळा होणार होतो. पण त्या १९१० च्या मोटारीतला टेलिफोन काही डोक्यातून जाईना.

माझे लहानपण वाड्यात गेले. संडास परसाच्या टोकाला, घरापासून होईल तितका दूर. घरात संडास म्हटले की आजी विचारायची, “मग देवघर काय रस्त्यावर न्यायचं?” संडास टोपलीचे होते, आणि मागच्या बोळातून रोज सकाळी एक बाई येऊन ती टोपली डोक्यावरून घेऊन जायची. वाड्यात बत्तीस माणसे होती. तिचे नाव एकालाही ठाऊक नव्हते. संडास लांब असल्यामुळे घर पवित्र राहते असे सगळे मानीत; ते त्या बाईमुळे राहत होते.

रेल्वेच्या डब्यात संडास आला तेव्हाही हेच झाले. उतारूची सोय झाली, आणि खाली भोक ठेवून सगळे रुळांवर सोडून दिले. स्टेशनांतले ते रूळ हाताने साफ करणारी माणसे होती. या कामाला बंदी करणारा कायदा १९९३ साली आला, २०१३ साली आणखी कडक कायदा आला. २०१२ च्या फेब्रुवारीत अनिल काकोडकरांच्या समितीने रेल्वेला सांगितले की हे उघडे संडास बंद करा. रूळ गंजतात, रुळांची तपासणी करणाऱ्यांना खाली वाकवत नाही. गेल्या काही वर्षांत डब्यांखाली जंतूंनी मैला पचवणाऱ्या टाक्या आल्या. सेनबाबूंच्या पत्रापासून मोजले तर शंभर वर्षांच्या वर वेळ गेला. एवढा काळ संडास होता डब्यात आणि त्याचा त्रास होता डब्याबाहेरच्या माणसाला.

याच प्रश्नासाठी आपल्या कोकणात एका माणसाने अन्न सोडले होते. १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. संडास साफ करायचे काम मला द्या, असे त्यांनी मागितले. ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांचे, तुम्हाला देता येणार नाही, असे उत्तर आले. अप्पासाहेबांनी उपोषण धरले. डिसेंबरात येरवड्याहून गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला, तेव्हा कुठे सरकार हलले. तुरुंगात सवलती मिळाव्यात म्हणून झगडणारे पुष्कळ. संडास साफ करायची सवलत मागणारा माणूस विरळा.

म्हणून पुतण्याला मी सांगितले ते असे. “अरे, जागा किती जाते आणि भिंत कापडाची आहे की पत्र्याची, हे प्रश्न दुय्यम. आधी ठरवा, टाकी उचलणार कोण? तुमच्याकडे शोफर नाही, बोळातून येणारी बाई नाही, खाली रूळ नाहीत. ती पंधरा-वीस किलोची भरलेली टाकी मुठीला धरून, तळावरच्या ठरलेल्या जागी नेऊन, ओतून, धुऊन परत बसवायची आहे. तुम्हा दोघांपैकी एकाने. हे कबूल असेल तर खुशाल संडास घ्या. मुलीला रात्री पावसात नेऊ नका. कबूल नसेल तर तळावर जा. पण तिथेही कोणीतरी साफ करीत असतो, एवढे लक्षात ठेवून नीट वापरा. शॉवर मात्र नको. बादली न्या. तांब्या मी पाठवतो.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग पुतण्या म्हणाला, “म्हणजे काका, पाळी लावावी लागेल.”

“त्यांना सांगा, सम तारखा तुमच्या,” सूनबाई म्हणाल्या.

त्यांनी संडासवाला कॅम्पर घेतला. मुठीचा. पहिल्याच मुक्कामाला एकतीस तारीख आली, आणि दुसऱ्या दिवशी एक. लागोपाठ दोन विषम तारखा सूनबाईंच्या वाट्याला आल्यामुळे त्या पद्धतीचा फेरविचार चालू आहे. माझ्या मते हा त्या घरातला पहिला खरा तह आहे, आणि तो दोन्ही बाजू पाळतील. टाकी भरली की तहाची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही.