बर्कलेचे अपंग विद्यार्थी

शाळेत अपंग मूल आले की आपण त्याला माया लावतो, पुढच्या बाकावर बसवतो. वर्गाचा मॉनिटर नेमताना मात्र त्याचे नाव सहसा कुणाला सुचत नाही. म्हणून आज अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतो.

एड रॉबर्ट्‌स हा कॅलिफोर्नियातला. १९५३ साली, चौदाव्या वर्षी, त्याला पोलिओ झाला. मानेखाली हातापायांची मोजकी बोटे काय ती हलत. रात्री तो 'लोखंडी फुप्फुसा'त निजे. हे म्हणजे एक भले मोठे नळकांडे. डोके तेवढे बाहेर, आतल्या हवेचा दाब कमी-जास्त झाला की छाती फुलायची नि बसायची. शाळेला टेलिफोनची तार जोडून घरी पडल्या पडल्या त्याने धडे ऐकले. अभ्यास पुरा झाला, तर शाळा म्हणाली, मोटार चालवण्याचा आणि कसरतीचा विषय राहिला, प्रमाणपत्र मिळणार नाही! त्याची आई झोना भांडली, तेव्हा कुठे ते हाती आले.

राज्याच्या पुनर्वसन खात्यानेही, हा कधी नोकरी करू शकणार नाही, असे ठरवून आधी मदत नाकारली होती. तरी १९६२ साली तो बर्कलेच्या विद्यापीठात दाखल झाला. ते अवजड यंत्र वसतिगृहात कुठे ठेवणार? विद्यापीठाच्या इस्पितळात त्याला खोली मिळाली. हळूहळू तिथे आणखी अपंग विद्यार्थी आले, आणि मला वाटते, खरा इतिहास इथून सुरू होतो. एकट्याची जिद्द कौतुकाची खरी, पण ही मुले रात्र रात्र बसून आपल्या अडचणींचा खल करू लागली. 'रोलिंग क्वॉड्‌स' असे गमतीचे नाव त्यांनी स्वतःच घेतले. दोघा सोबत्यांना तिथून काढण्याचा घाट घातला गेला, तेव्हा साऱ्यांनी मिळून तो हाणून पाडला.

मग त्यांनी विद्यापीठातच कचेरी काढली. चाकाची खुर्ची दुरुस्त करणे, मदतनीस मिळवून देणे, राहायला जागा शोधणे, अशी साधी कामे. पण कोणते काम आधी करायचे हे अपंगच ठरवीत. १९७२ साली गावातल्या सर्वच अपंगांसाठी तसेच केंद्र निघाले.

१९७५ साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी राज्याच्या पुनर्वसन खात्याचा प्रमुख म्हणून एड रॉबर्ट्‌सची नेमणूक केली. खाते तेच, ज्याने त्याला नोकरीला नालायक ठरवले होते.