शाकारणी

मे महिन्याचा शेवटचा शनिवार-रविवार महाड तालुक्यातल्या आमच्या गावी काढला. निमित्त शाकारणीचे. पुतण्या, त्याची बायको, त्यांची सातवीतली मुलगी आणि मी असे चौघे. मला आता पंच्याहत्तरीत छपरावर कोण चढू देणार? माझे काम ओटीवर खुर्ची टाकून बसायचे आणि खाली येणारी कौले मोजायचे. ते मी चोख केले.

शहरात वाढलेल्या मंडळींसाठी आधी थोडे सांगतो. शाकारणी म्हणजे पावसाच्या आधी छप्पर नीट करून घेणे. पूर्वी गवताचे किंवा पेंढ्याचे छप्पर दरवर्षी नव्याने घालावे लागे, त्यासाठी हा शब्द. छपरावर कौले आली तरी शब्द तोच राहिला. माकडे, फणसाची वाळकी फांदी आणि वारा यांनी वर्षभरात कौले सरकतात, काही फुटतात. ती उतरवायची, पालापाचोळा झाडायचा, वाळवी लागलेल्या रिपा बदलायच्या, वाशांना काजूच्या टरफलांचे तेल फासायचे आणि कौले पुन्हा रांगेत बसवायची. दोन दिवसांत आमची ओटी आणि माजघर एवढे झाले. पडवी राहिली.

पहिल्याच तासाला नातीने एक कौल पालथे करून वाचले आणि ओरडली, "आजोबा, आपलं घर १८६५ सालचं आहे!" कौलावर इंग्रजी अक्षरांत छाप होता : बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. चाळीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाला याहून चांगली संधी कुठली? मी तिला विचारले, "कंपनीच्या पाटीवर 'स्थापना' म्हणून साल लिहिलेले असते, ते त्या दुकानातल्या बिस्किटाचे साल असते का?" तिला लगेच कळले. १८६५ हे कारखाना सुरू झाल्याचे साल. कौल त्यानंतर कितीही वर्षांनी भाजलेले असू शकते.

या कारखान्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरातले हे मिशन १८३४ मध्ये मंगळुरास आले. ज्यांनी धर्म बदलला त्यांना त्यांच्या जातीने बाहेर काढले. जात गेली तसा जातीबरोबरचा धंदाही गेला. या माणसांनी खायचे काय? म्हणून मिशनने आधी विणकामाचे माग टाकले आणि मग प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने १८६५ मध्ये नेत्रावती नदीकाठी कौलांचा कारखाना काढला. नदीकाठची चिकणमाती, भट्टीला जंगलातले सरपण आणि माल हलवायला नदी अन् समुद्र, सगळे एका जागी! एकमेकांत खाचेने अडकणारी कौले युरोपात त्याआधी वीसेक वर्षे निघालेली होती. तीच मंगळुरास होऊ लागली. कुंभाराच्या चाकावरचे नळे लावायचे तर ते थरावर थर घालावे लागत. मंगलोरी कौल रिपेला अडकून बसते, शेजारच्याला धरून राहते, त्यामुळे कौले कमी लागतात आणि छपराचा भार हलका होतो. तीन वर्षांतच, १८६८ मध्ये, अल्बुकर्क यांचा कारखाना निघाला आणि पुढे अनेक निघाले. पहिल्या महायुद्धात बासेल मिशनच्या मालमत्तेवर इंग्रज सरकारने टाच आणली आणि नंतर ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे बासेलचा छाप असलेले आमचे कौल त्या युद्धाच्या आधीचे म्हणायला हरकत नाही.

आणि तसेच ते आहे, कारण माझ्याकडे आजोबांची जमाखर्चाची वही आहे. मोडीत लिहिलेली, कडा कुरतडलेली. शके १८३३, म्हणजे १९११-१२ साल. घरावरचे नळे काढून मंगलोरी कौले घातली त्याचा हिशेब त्यात आहे. कौले मंगळुराहून गलबताने बाणकोटला आली. तिथून पडावाने सावित्रीच्या खाडीतून भरतीबरोबर दासगाव बंदराला. हमरस्ता आणि रेल्वे येण्याआधी आमच्या भागाचा राजमार्ग ही खाडीच होती. २५ डिसेंबर १९२७ च्या महाडच्या सत्याग्रह परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने निघून याच दासगावला उतरले होते.

वहीत कौलांची किंमत आहे. गलबताचे नोर आहे, पडाववाल्याचे भाडे आहे, खिळ्यांचे पैसे आहेत, सुताराची मजुरी आहे, इतकेच काय सुताराला दिलेल्या गुळाचाही उल्लेख आहे. आजोबा फार काटेकोर. पण दासगावपासून आमच्या गावापर्यंत हजारो कौले डोक्यावरून कोणी आणली, छपरावर कोणी चढवली, त्याचा एकही आकडा नाही. दोन-अडीच किलोचे एक कौल. एका खेपेला किती नेली असतील याचा हिशेब तुम्हीच करा. तरुणपणी मला वाटे, एखादे पान गळाले असेल. पण पान गळालेले नाही. त्या कामाला पैसे पडलेच नव्हते, म्हणून ते खर्चात नाही. ती वेठ होती.

आमच्या घराकडे गावच्या खोतीचा चार आणे हिस्सा होता, हे नातेवाईकांना माहीत आहेच. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला माणूस. गावचा सारा सरकारात भरायचा आणि कुळांकडून आपला वाटा उचलायचा. भातशेतीतले अर्धे ते अर्धेल, वरकस जमिनीतला तिसरा हिस्सा तो तिर्धेल. त्याशिवाय खोताच्या शेतावर, घरावर फुकट राबायचे ती वेठ. १८८० च्या खोती कायद्याने कुळांचे काही हक्क लिहून ठेवले, पण कागद तालुक्याला आणि खोत शेजारी, अशी परिस्थिती होती.

असो. शनिवारी दुपारी शेजारच्या वहिनी आल्या. वय ऐंशीच्या पुढे, पण पाठ ताठ. पदराखाली सुपात शेवळं होती. वळवाचा पाऊस दोनदा पडून गेला होता आणि त्या पहाटे डोंगराच्या पायथ्याला जाऊन शेवळं घेऊन आल्या होत्या. शेवळं म्हणजे रानसुरणाच्या जातीचा फुलोरा, जमिनीतून भाल्यासारखा वर येतो. पहिल्या पावसाबरोबर जेमतेम काही दिवस मिळतो. घशाला अशी खाज आणतो की विचारू नका! म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडाची आंबट फळे घालून शिजवायचे. निसर्गाची गंमत अशी की काकडाची फळेही त्याच सुमारास तयार असतात. वहिनींनी तीही पदरात बांधून आणली होती.

पुतण्याच्या सुनबाईंनी आमच्या घरच्या पद्धतीने डाळिंब्या आणि ओले खोबरे घालून भाजी केली. वहिनींना जेवायला ठेवून घेतले. भाजी उत्तम झाली होती. मी म्हणालो, "वहिनी, ही भाजी खायला मिळावी म्हणून तरी दर मे महिन्यात यावं." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमाला ही हौशेची. आमाला पोटाची व्हती."

मग बोलत राहिल्या. आषाढ लागला की घरातले भात संपायचे. पेरणी-लावणी डोक्यावर आणि कणगी रिकामी. खोताकडून दिढीने भात आणायचे, म्हणजे एक मण नेला तर पीक आल्यावर दीड मण घालायचा. ते टाळायचे असेल तर रान. आधी शेवळं, मग टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, बांबूचे कोंब. भाजी जास्त आणि त्यात मूठभर कण्या. रानातले कडू कंदसुद्धा. त्यांच्या चकत्या करून राख घालून उकडायच्या आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे कडूपणा जातो. नातीने विचारले, "खोबरं नाही घालायचं?" वहिनी म्हणाल्या, "माड कुणाचे व्हते बाय?" आमच्या ताटातले खोबरे थोडा वेळ सगळ्यांनाच दिसत राहिले.

हल्ली कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाज्यांचे महोत्सव भरवतो. ते चांगलेच आहे, दोन पैसे या बायकांच्या हाती पडतात. पण रानभाजी 'आपली जुनी खाद्यसंस्कृती' असे फलक वाचले की मला वहिनींचे ते वाक्य आठवेल. एकच भाजी, एकच गाव, पण एका घरात ती चवीची गोष्ट होती आणि कुंपणापलीकडे हिशेबाची.

मी धीर करून विचारले, आमचे छप्पर कोण शाकारायचे? त्यांनी सहज सांगितले. कौले आणली ती त्यांच्या आजेसासऱ्यांनी आणि वाडीतल्या बाकीच्यांनी. पुढे दर उन्हाळ्यात सासरे चढायचे. आधी खोताचे छप्पर, मग स्वतःचे. मधेच पाऊस आला तर स्वतःचे तसेच राहायचे. आणि त्यांचे घर केंबळीच होते, गवताचे. "घराखालची जागाबी खोताची. कौल कोण घालील?"

आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक तेव्हा पास झाले नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. त्याच्या आगेमागे माझा जन्म. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि कसणारा मालक झाला. पण कायद्याने जमीन मिळाली तरी कौलांना पैसे लागतात. ते आले मुंबईच्या गिरणीतून. वहिनींचे यजमान गिरणीत लागले आणि मनिऑर्डरी साठवून त्यांनी घरावर मंगलोरी कौले घातली. वहिनींना ते साल पाठ आहे : १९७१, थोरल्या मुलाच्या जन्माचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि यजमान गावी परतले ते कायमचे. मनिऑर्डर थांबली, छप्पर मात्र राहिले.

ते गेले ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळात. रायगडात त्या दिवशी किती कौले उडाली त्याला गणती नाही. वादळानंतर कौले मिळेनात, बसवणारे मिळेनात. वहिनींच्या घरावर पत्रे आले. आमचे घर डोंगराच्या आडोशाला, म्हणून थोडक्यात वाचले.

आता या वेळचा खरा प्रश्न. पुतण्याचे म्हणणे, आपणही पत्रेच घालू. त्याचे चूक नाही. दरवर्षी शाकारणीला कोण येणार? गावात कौले चाळणारे हात आता दोनच, आणि त्यातला एक वहिनींचा नातू. तो महाडच्या एमआयडीसीत कामाला आहे, सुट्टीच्या दिवशी हे काम करतो. दोन दिवस तोच आमच्या छपरावर होता. मी वहिनींना विचारले. म्हटले, आमच्या छपराबद्दल मत द्यायचा हक्क तुमच्याइतका कोणाला नाही. त्या म्हणाल्या, "पत्र्याखाली दुपारी बसवत नाय आन् पावसात बोलल्यालं ऐकू येत नाय. कौलं ऱ्हाऊ द्या. पोरगा करील. पैसं मात्र येळंवर द्या."

तसे ठरले. पडवीवर पत्रे, ओटी आणि माजघरावर कौले. नातवाला आणि त्याच्या जोडीदाराला माणशी आठशे रुपये रोज. चाळून झाल्यावर एकशे दहा कौले चांगली निघूनही उरली. पडवी उतरवली की आणखी निघतील. ती सगळी वहिनींच्या स्वयंपाकघरावर जातील, तिथले पत्रे दुपारी फार तापतात. कामाचे पैसे आम्ही देणार, हे पुतण्यानेच आपणहून सांगितले.

नात्यातल्या मंडळींना एक विनंती. माळ्यावर, ट्रंकेत अजूनही अशा जमाखर्चाच्या वह्या असतील. मोडी येत नाही म्हणून रद्दीत घालू नका. माझ्याकडे पाठवा, मी वाचून देईन. आणि वाचताना काय लिहिले आहे ते तर बघूच, पण खर्चाच्या रकान्यात कोणाची मजुरी दिसत नाही, तेही बघू. घर बांधणाऱ्यांची नावे बहुधा तिथेच सापडतील.