उशिरा मिळालेला पैसा

शाळेत तिकिटं जमवणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत जर्मनीचं एक पान असायचं आणि त्या पानावर ही तिकिटं हमखास असायची: मूळ किंमत दोनशे मार्क, आणि तिच्यावर काळ्या शाईत ठोकलेला नवा आकडा, दोन मिलिअन. म्हणजे वीस लाख! स्वस्तातल्या पाकिटात ती मूठभर निघत. आमच्या गल्लीत इंग्लंडचं एक चांगलं तिकीट दिलं की जर्मनीची लखपती तिकिटं चार मिळत. वीस लाखांचं तिकीट इतकं कवडीमोल कसं, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही.

पुढे बँकेत लागलो. नोकरीची बहुतेक वर्षं कॅशमध्ये गेली, आणि निवृत्तीनंतर तिकिटांच्या जागी नोटांचा नाद लागला. माझ्या संग्रहातली जर्मनीची हजार मार्कांची एक नोट मी पाहुण्यांना आवर्जून दाखवतो. तिच्यावर तारीख आहे १५ डिसेंबर १९२२. त्याच नोटेवर तिरप्या लाल अक्षरांत 'एक मिलिआर्ड' असा छापा आहे, म्हणजे एक अब्ज. तो छापा १९२३ च्या सप्टेंबरातला. नवी नोट काढायला सवड नव्हती म्हणून जुनीच्या अंगावर लाल शाई फिरवली आणि तिची किंमत दहा लाख पट केली.

१९२३ च्या जर्मनीबद्दल लिहिणारे बहुधा शून्यंच मोजत बसतात. काउंटरच्या आत बसलेल्या माणसाला त्यात वेगळंच काही दिसतं. पैसा कुणाच्या हातात कधी पडला, यावर त्या वर्षी सगळं ठरत होतं. ज्याला उशिरा मिळाला तो बुडाला आणि ज्यानं उशिरा दिला तो तरला.

मागची हकिगत थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धापूर्वी एका डॉलरला ४.२० मार्क पडत. ऑगस्ट १९१४ मध्ये नोटेच्या बदल्यात सोनं देणं बंद झालं. युद्धाचा खर्च करांपेक्षा कर्जरोख्यांतून काढला गेला. नऊ वेळा रोखे निघाले आणि त्यांतून सुमारे ९८ अब्ज मार्क उभे राहिले. मास्तर, पोस्टमन, विधवा अशा सगळ्यांनी देशासाठी म्हणून ते घेतले. युद्ध जिंकू आणि हरलेल्यांकडून वसूल करू, असा सरकारचा हिशेब होता. झालं उलटं. मे १९२१ मध्ये जेत्यांनी जर्मनीवरच १३२ अब्ज सुवर्णमार्कांची भरपाई लादली. जून १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाउ यांचा बर्लिनच्या रस्त्यात खून झाला आणि आधीच घसरत असलेला मार्क आणखी वेगानं घसरू लागला. लाकूड आणि कोळसा ठरल्याप्रमाणे दिला नाही म्हणून ११ जानेवारी १९२३ रोजी फ्रान्स आणि बेल्जिअमच्या फौजा रूर खोऱ्यात शिरल्या. जर्मन सरकारनं असहकार पुकारला, कामगार घरी बसले आणि त्यांचे पगार सरकारनं द्यायचे ठरले. खाणीतून कोळसा निघत नव्हता, छापखान्यातून पगार मात्र निघत होता.

डॉलरचा महिन्याचा सरासरी भाव पाहा. जानेवारीत सुमारे १८ हजार मार्क, जुलैत साडेतीन लाख, ऑगस्टमध्ये ४६ लाख, ऑक्टोबरमध्ये २५ अब्जांच्या वर. २० नोव्हेंबरला तो ४.२ लाख कोटींवर पोचला. लहानपणी खर्व, निखर्व, महापद्म अशा संख्या आम्ही घोकल्या होत्या आणि त्या कुठं लागणार म्हणून हसलो होतो. बर्लिनच्या भाजीवाल्या बाईला त्या वर्षी त्या खरोखरच लागल्या.

जर्मनीची मध्यवर्ती बँक म्हणजे राइखबँक. तिचा स्वतःचा छापखाना पुरेना, म्हणून शंभरावर खाजगी छापखाने आणि तीसेक कागद गिरण्या कामाला लावल्या. वेळ वाचवायला कितीतरी नोटा एकाच बाजूनं छापल्या, मागची बाजू कोरी. बँकेचे अध्यक्ष रुडॉल्फ हाफेनश्टाइन सचोटीचे गृहस्थ होते, पण चलनाचा तुटवडा हाच खरा रोग अशी त्यांची समजूत होती. लवकरच चलनातल्या एकूण नोटांच्या दोन-तृतीयांश इतक्या नोटा आपण एका दिवसात बाजारात आणू, असं त्यांनी ऑगस्टमध्ये सांगितलं, आणि तेही आश्वासन म्हणून. बँकेत अशी माणसं मी पाहिली आहेत. व्हाउचर चोख आणि निर्णय आंधळा.

आता पगाराचं घ्या. महिन्याचा पगार आठवड्यावर आला, आठवड्याचा रोजावर, आणि शरद ऋतूत काही कारखान्यांत दिवसातून दोनदा वाटप होऊ लागलं. बायका फाटकाशी पिशव्या घेऊन उभ्या असत. नवऱ्यानं गड्ड्या हातात दिल्या की त्या दुकानाकडे धावत सुटत, कारण दुपारी नवा भाव लागला की सकाळच्या पैशात निम्मंही येत नसे. ऑक्टोबरमध्ये किमती चार दिवसांच्या आत दुप्पट होत होत्या. नोटा न्यायला कपड्यांच्या टोपल्या आणि हातगाड्या लागत. चोरानं टोपली पळवली आणि आतल्या नोटा रस्त्यात ओतून टाकल्या, ही गोष्ट जर्मनीत अजून सांगतात. ती खरी असो वा रचलेली, आमच्या धंद्यातल्या माणसाला ती पटते.

बर्लिनमध्ये जानेवारीत अडीचशे मार्कांना मिळणारा पाव नोव्हेंबरमध्ये सुमारे २०० अब्ज मार्कांना झाला. दुकानदारांनी वस्तूवर किंमत लिहिणंच सोडलं. पुस्तकविक्रेत्यांची रीत मला फार आवडते. पुस्तकावर एक मूळ आकडा असे. त्यांची संघटना एक 'किल्लीचा आकडा' जाहीर करी, आणि मूळ आकड्याला त्यानं गुणलं की किंमत निघे. पुढे पुढे हा आकडा रोज बदलू लागला. सकाळी गुणाकार करून गिऱ्हाईक संध्याकाळी पैसे घेऊन आलं, तर मध्ये किल्ली बदललेली असायची.

पोस्टाची तीच गत. तिकीट छापून टपाल कचेरीत पोचेपर्यंत दर बदललेला असे, म्हणून माझ्या वहीतले ते काळे शिक्के. पन्नास अब्ज मार्कांचं तिकीटही निघालं, आणि तेही काही दिवसच पुरलं. सरकारी नोटा पुरेनात तेव्हा शहरांनी, कारखान्यांनी, रेल्वेनं आपापल्या नोटा काढल्या. बीलेफेल्ड हे कापडाचं गाव, तिथल्या नोटा रेशमावर छापलेल्या आहेत. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या माइसनमध्ये चिनी मातीची नाणी पाडली गेली. संग्राहक आज यांच्यावर जीव टाकतात. त्या नोटा घेऊन बटाटे आणायला जाणाऱ्याला त्यांच्या देखणेपणाचं काय?

बँकांत नोकरभरती जोरात होती. युद्धापूर्वीच्या तिपटीहून अधिक माणसं नोटा मोजायला, शून्यं लिहायला, खाती फिरवायला बसली होती. इतकी माणसं आणि निर्माण काय होत होतं, तर खतावण्या.

पगारदाराला निदान धावायची मुभा होती. ज्याचं उत्पन्न मुदतीवर बांधलेलं होतं त्याला तीही नव्हती. पेन्शनर, विम्याचे हप्ते भरलेला कारकून, घरभाड्यावर जगणारी म्हातारी, गहाणखतावर पैसे देऊन व्याजावर बसलेला निवृत्त शिक्षक, ही सगळी काटकसरीनं वागलेली माणसं होती. समजा एखाद्यानं आयुष्यभर राबून पन्नास हजार मार्क ठेवले. युद्धापूर्वी ती बारा हजार डॉलरची, म्हणजे सुखवस्तू म्हातारपणाची सोय होती. नोव्हेंबर १९२३ मध्ये ती रक्कम एका पावाच्या चाळीस लाखाव्या भागाइतकी राहिली. पासबुकातला आकडा जागचा हलला नव्हता. आमच्याकडे नोटाबंदीत रांगेत उभे राहिलेले लोक या प्रसंगाशी तुलना करतात, ती मला मान्य नाही. २०१६ ची रांग त्रासाची होती, पण तिच्या टोकाला पाचशेचे पाचशेच हातात पडत.

मग चीजवस्तू निघाल्या. पियानो, चांदीचे चमचे, पडदे, लग्नातली चादर. डॉक्टर फी म्हणून अंडी आणि लोणी घेऊ लागले. शेतकरी नोट घेईना, म्हणून शहरातली माणसं गाडीनं खेड्यात जाऊन वस्तू देऊन बटाटे आणत, आणि काही जण रात्री शेतातून उपटूनही आणत. पीक त्या वर्षी वाईट नव्हतं. ते शहरात येत नव्हतं, इतकंच. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या स्वयंपाकघरांतून शाळकरी मुलांना जेवण दिलं जात होतं. चित्रकार केटे कोलविट्झ यांनी रिकामी भांडी वर धरलेल्या पोरांचं पोस्टर काढलं, ते याच काळातलं. ५ नोव्हेंबरला बर्लिनच्या शोएननफिअर्टेल भागात बेकारांच्या जमावानं पूर्वेकडून आलेल्या गरीब ज्यूंना मारहाण केली आणि त्यांची दुकानं लुटली. उपाशी माणसाला शत्रू दाखवणारे लोक तेव्हाही हजर होते.

आणि ज्यांनी उशिरा द्यायचे होते त्यांचं काय? राइखबँक जुलै १९२२ पर्यंत वर्षाला पाच टक्क्यांनी हुंड्या वटवत होती. पुढे सप्टेंबर १९२३ मध्ये दर ९० टक्के केला, तेव्हा मोठा कडक उपाय केल्यासारखं वाटलं असेल. पण चार दिवसांत दुप्पट होणाऱ्या बाजारात वर्षाला ९० टक्के म्हणजे फुकटच. ह्यूगो स्टिनेससारख्या उद्योगपतींनी कर्ज काढून खाणी, जहाजं, वर्तमानपत्रं घेतली आणि कर्ज फेडायच्या वेळी त्याचा पालापाचोळा झालेला होता. शेतकऱ्यांनी पिढीजात गहाणखतं किरकोळ विक्रीच्या पैशांत सोडवली. सर्वांत मोठं कर्जदार तर सरकारच. नऊ वेळा रोखे काढून गोळा केलेले ते ९८ अब्ज मार्क नोव्हेंबर १९२३ मध्ये अर्ध्या पावाच्या किमतीचे होते. चार वर्षांच्या युद्धाचं घरचं कर्ज अर्ध्या पावात फिटलं. अर्थात करांच्या बाबतीत सरकारलाही उशिराचा फटका बसलाच. कर आकारणी होऊन पैसे जमा होईपर्यंत त्यांत काही उरत नसे, म्हणून आणखी छपाई.

परदेशी चलन बाळगणाऱ्यांची चैन होती आणि त्यांत आपलेही लोक आले. त्या काळात हिंदुस्थानातले बरेच विद्यार्थी बर्लिनला शिकायला जात, कारण इंग्लंडपेक्षा तिथं स्वस्त पडे. पुढे राष्ट्रपती झालेले झाकिर हुसेन १९२२ मध्ये तिथं गेले. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजेही १९२४ मध्ये मेक्सिकोला जाण्यापूर्वी काही काळ बर्लिनमध्ये होते. नोव्हेंबरात एका रुपयाला लाख कोटीहून जास्त मार्क येत. घरून मनिऑर्डर येणारा विद्यार्थी ऐटीत राही आणि त्याची घरमालकीण मात्र भाड्यात आलेल्या गड्ड्या चुलीत घाली, कारण सरपण त्याहून महाग होतं.

सप्टेंबरअखेर चॅन्सेलर श्ट्रेझेमान यांनी रूरमधला असहकार मागे घेतला. १५ नोव्हेंबरला रेंटेनमार्क हे नवं चलन आलं. त्याला तारण देशातल्या जमिनी आणि उद्योगांवरच्या बोज्याचं होतं. असं तारण कुणी वटवून घेणार नव्हतं, पण किती नोटा काढायच्या याला मर्यादा होती आणि ती पाळली गेली. चलन आयुक्त हाल्मार शाख्त अर्थखात्यातल्या झाडूपोछाच्या अंधाऱ्या खोलीत टेबल टाकून बसले आणि आणखी छापा म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला नाही म्हणत राहिले. मला विचाराल तर सगळी करामत त्या 'नाही'ची होती. एक लाख कोटी कागदी मार्कांना एक रेंटेनमार्क असा दर ठरला, आणि डॉलर पुन्हा ४.२० वर आला. ज्या २० नोव्हेंबरला मार्क थांबला त्याच दिवशी हाफेनश्टाइन वारले.

शेतमाल शहरात परत आला. पण खर्चाला कात्री लागली तेव्हा टपाल आणि रेल्वे धरून लाखो सरकारी नोकरांना घरी पाठवलं, आणि नोटा मोजायला घेतलेल्या बँकेतल्या पोरांनाही.

बुडालेल्या ठेवीदारांनी संघटना काढल्या, कोर्टकचेऱ्या केल्या. १९२५ मध्ये त्यांच्यासाठी कायदा झाला. त्यानुसार गहाणखतावर पैसे देणाऱ्याला मूळ रकमेच्या २५ टक्के परत मिळायचे होते. सरकारी रोखे घेणाऱ्याचे शंभर मार्क अडीच मार्क धरले गेले. गहाणखताची रक्कम फेडायला कर्जदारांना १९३२ पर्यंत मुदत दिली होती. १९३२ उजाडलं तेव्हा जर्मनीत साठ लाख माणसं बेकार होती.