रोमँटिक रोडची कुळकथा

दक्षिण जर्मनीचा नकाशा पुढे पसरून माइन नदीकाठच्या व्युर्त्सबुर्गपासून आल्प्सच्या पायथ्याशी वसलेल्या फ्यूसेनपर्यंतच्या प्रवासाची आखणी करू पाहणाऱ्याला ‘रोमँटिक रोड’ नावाची एक रेषा आयतीच सापडते, आणि तिच्यावर ओळीने येणारी तटबंदीची गावे, चर्चचे उत्तुंग मनोरे आणि सरदारांचे वाडे पाहून हा कोण्या सम्राटाने बांधलेला, पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीत असलेला राजमार्ग असावा अशी त्याची सहजच समजूत होते. वस्तुस्थिती निराळी आहे. या मार्गाचा जन्म १९५० सालच्या डिसेंबरात, आउग्सबुर्ग शहरी, वाटेवरच्या गावांच्या प्रतिनिधींच्या बैठकीत झाला. त्याच्यासाठी ना नवी सडक बांधली गेली, ना एखादा पूल घातला गेला. पूर्वीपासून रहदारीत असलेल्या रस्त्यांपैकी काही निवडून, ते एकापुढे एक जोडून, त्या साऱ्यांना मिळून एक नाव देण्याचा ठराव तेवढा झाला.

असे असले तरी हे अपत्य कुळावाचून जन्मलेले नव्हे. त्याचे कुळ शोधू गेल्यास दोन शाखा आढळतात, एक वाटेची आणि दुसरी कल्पनेची. वाटेची शाखा फार जुनी. इसवी सनापूर्वी १५ व्या वर्षी रोमन सेनापती द्रूससने आल्प्सपलीकडच्या मुलखावर स्वारी केली, त्या स्वारीच्या वाटेवर पुढे सम्राट क्लॉडियसने इटलीपासून डॅन्यूबपर्यंत पक्का लष्करी रस्ता सिद्ध केला, आणि ‘व्हिया क्लॉडिया आउगुस्टा’ या नावाने ओळखला जाणारा तो रस्ता फ्यूसेनजवळून लेख नदीच्या आश्रयाने आउग्सबुर्गला येत असे. रोमँटिक रोडचा दक्षिणेकडील टप्पा आजही त्याच्याच आसपासने जातो. रोमन गेले, परंतु रहदारी राहिली. व्हेनिसचा माल या बाजूने उत्तरेकडे येऊ लागला, आउग्सबुर्गच्या फुगर आणि वेल्सर या सावकारी पेढ्या बादशहांना कर्जे देण्याइतक्या गबर झाल्या आणि त्यांचा हात मिरीच्या व्यापारापायी थेट हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला. आउग्सबुर्गचा फर्डिनांड क्रोन हा त्यांचा गुमास्ता सोळाव्या शतकाच्या अखेरीस इकडे येऊन पुढे गोव्यात व्यापारी म्हणून नांदला. याच फुगरांनी गरीब नगरवासीयांसाठी बांधलेली ‘फुगराय’ ही वसाहत १५२१ पासून चालू आहे, आणि तिथल्या बिऱ्हाडाचे वर्षाचे भाडे आजही एका ऱ्हाइनी गुल्डेनच्या हिशेबाने, म्हणजे अठ्ठ्याऐंशी सेंट, इतकेच आकारले जाते.

कल्पनेची शाखा त्यामानाने अर्वाचीन. मोटारीने एका गावाहून दुसऱ्या गावी लांबचा प्रवास करण्याचा पहिला मान जर्मनीतच बेर्था बेन्झ या बाईंकडे जातो. १८८८ च्या ऑगस्टात पतीला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, त्या मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाल्या. इंधनाचे दुकान हा प्रकारच अस्तित्वात नसल्याने वीसलोख गावच्या औषधवाल्याकडून त्यांनी लिग्रोइन नावाचे द्रावण विकत घेतले, आणि उतारावर ब्रेकचे लाकूड झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामड्याची पट्टी ठोकून घेतली. त्यानंतर अर्धशतक लोटण्यापूर्वीच, १९३५ साली, नाझी अमदानीत, पडून राहिलेल्या द्राक्षमद्याला गिऱ्हाईक मिळावे म्हणून ऱ्हाइनच्या पश्चिमेकडील मळ्यांतून ‘जर्मन वाइन मार्ग’ जाहीर झाला. रस्त्याला नाव द्यावे आणि त्या नावाच्या ओढीने प्रवासी आणावा, ही युक्ती तिथे यशस्वी ठरली होती.

आता प्रश्न असा की या दोन शाखांचा संगम नेमका याच गावांतून का व्हावा? या रस्त्यावरची रोथेनबुर्ग, डिंकल्सब्यूल, न्योर्डलिंगेन ही एके काळी जुन्या जर्मन साम्राज्याची स्वतंत्र नगरे होती. स्वतःची जकात, स्वतःची न्यायसभा आणि स्वतःचे कोट बाळगून होती. तीस वर्षांच्या युद्धात, म्हणजे १६१८ ते १६४८ या काळात, त्यांच्या खजिन्यांत खडखडाट झाला, व्यापाराने दुसऱ्या वाटा धरल्या, आणि जुने पाडून नवे बांधण्याची ऐपतच न उरल्यामुळे जे होते तेच वापरात राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही नगरे बव्हेरियाच्या राज्यात गेली, आणि इतर गावांचे कोट जमीनदोस्त होत असताना १८२६ साली राजा लुडविग पहिला याने डिंकल्सब्यूलची तटबंदी पाडण्यास मनाई करणारा हुकूम काढला. पुढे चित्रकार आले, १८७३ साली रोथेनबुर्गला आगगाडी आली, आणि १८८१ पासून तिथल्या नागरिकांनी आपल्याच इतिहासातला एक प्रसंग नाटकरूपाने दरवर्षी सादर करण्यास प्रारंभ केला: १६३१ साली सेनापती टिलीने गाव काबीज केले असता माजी नगराध्यक्ष नुश याने सव्वातीन लिटर मद्याचा चषक एका दमात रिता करून गाव वाचवले, अशी ती आख्यायिका. गावाने गतकाळाचे प्रदर्शन मांडण्याची विद्या रस्त्याच्या जन्माआधी सत्तर वर्षे आत्मसात केली होती. नाझींनीही या विद्येचा लाभ घेतला आणि सरकारी सहलींतून हजारो लोकांना ‘अस्सल जर्मन’ गाव पाहावयास इथे धाडले.

त्या राजवटीचे फळ १९४५ साली पदरात पडले. १६ मार्चच्या रात्री अवघ्या वीस मिनिटांच्या बॉम्बवर्षावात व्युर्त्सबुर्गचे जुने शहर जवळजवळ सगळे जळून गेले. बिशपच्या प्रासादातील, टिएपोलोने रंगवलेले जिन्यावरचे छत मात्र वास्तुशिल्पी बाल्टाझार नॉयमानच्या भक्कम कमानीमुळे तरले. ३१ मार्चला रोथेनबुर्गचा पूर्व भाग कोसळला. उरलेला भाग तोफांच्या माऱ्यातून बचावला, कारण अमेरिकेच्या युद्धखात्यातील जॉन मॅक्लॉय यांना हे गाव ऐकून माहीत होते आणि त्यांनी मध्यस्थी केली; गावातल्या जर्मन अधिकाऱ्यानेही शेवटपर्यंत लढण्याचा वरचा हुकूम मोडून गाव स्वाधीन केले.

या पार्श्वभूमीवर १९५० ची बैठक पाहावी म्हणजे तिचे मर्म कळते. बव्हेरिया अमेरिकी अंमलाखाली होता, छावण्यांतून सैनिक आणि त्यांची कुटुंबे होती, त्यांच्याजवळ डॉलर होते. गावांजवळ पडक्या भिंती होत्या आणि जगात जर्मनीचे नाव काळवंडलेले होते. युद्धाआधीचा, किंबहुना नाझींच्याही आधीचा, असा एक जर्मनी परक्यांना दाखवावयाचा होता, आणि तो व्युर्त्सबुर्ग ते फ्यूसेन या ओळीत दाखवता येण्यासारखा होता. हा रस्ता म्हणजे पोटाची सोय आणि अब्रूची डागडुजी या दोन्ही गरजांतून निघालेला तोडगा होय. तो लागू पडल्याची खूण म्हणून रोथेनबुर्गच्या तटावरून चालताना भिंतीत बसवलेल्या दगडी पाट्या दिसतात. तटाचा अमुक तुकडा पुन्हा उभारण्यासाठी ज्यांनी वर्गणी दिली त्यांची नावे त्यांवर कोरलेली असून त्यांत जपानी नावेही पुष्कळ आहेत. जपानने तर १९८० च्या दशकात आपल्याच डोंगराळ प्रदेशात या रस्त्याचा नामधारी भाऊ निर्माण केला. जर्मनीतही १९५४ साली ‘किल्ल्यांचा मार्ग’ निघाला आणि तेव्हापासून अशा नामांकित मार्गांची संख्या शंभरावर गेली.

म्हणून प्रवासाची आखणी करणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानी धराव्यात. व्युर्त्सबुर्ग आणि फ्यूसेन ही दोन्ही टोके आज ए-सात या द्रुतमार्गानेही जोडलेली आहेत. सुमारे तीनशे किलोमीटरचे ते अंतर तीन-साडेतीन तासांत तुटते, तर रोमँटिक रोड त्याच दोन टोकांमध्ये चारशेहून अधिक किलोमीटर वळसे घेत जातो. नुसते पोहोचावयाचे असेल त्याने द्रुतमार्ग धरावा, त्यात काही कमीपणा नाही. पण रोमँटिक रोड धरला तर निदान दोन मुक्काम करावेत, आणि त्यांतला एक न्योर्डलिंगेनला ठेवावा: दीड कोटी वर्षांपूर्वी पडलेल्या अशनीच्या विवरात वसलेल्या या गावाचा कोट अखंड आहे आणि चर्चच्या ‘डानिएल’ मनोऱ्यावरून चौकीदार रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने आरोळी देतो. दुसरी गोष्ट, रोथेनबुर्गात बाजारचौकातच न रेंगाळता पूर्वेकडील गल्ल्यांतून अवश्य फिरावे. तिथली साधी, सपाट भिंतींची घरे १९४५ नंतरची आहेत. रस्ता जुना नाही, गावेही सर्वस्वी जुनी नाहीत, आणि ती जाणीव बरोबर ठेवून गेलेला प्रवासीच या मार्गाला न्याय देतो.