परदेशात मुलांकडे राहायला जाताय? व्हिसाइतकाच विमाही नीट बघा

तालुक्यातली पोरं शिकून पुणे-बेंगळुरूमार्गे अमेरिका, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलियाला गेली. आता त्यांच्या आई-वडिलांचे पासपोर्ट निघू लागले आहेत. कुणी लेकीच्या बाळंतपणाला जातं, कुणी नातवंडांना बघायला, तर कुणी शेती वाट्याने देऊन म्हातारपणी पोराकडेच राहावं म्हणून. घरात सगळी चर्चा व्हिसाची होते. विमा मात्र तिकीट काढताना शेवटी उरकून टाकायची गोष्ट समजली जाते. व्हिसा तुम्हाला फक्त त्या देशात जाऊ देतो, तिथं आजारी पडलात तर बिल कोण भरणार याचा त्याच्याशी संबंध नसतो.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना मिळणारं ५ लाखांचं आयुष्मान कार्ड किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजना देशाबाहेर चालत नाही. मुलाच्या कंपनीचा तिथला विमाही पाहुण्या आई-वडिलांना सहसा लागू होत नाही. तिथल्या सरकारी दवाखान्याची सोय तिथल्या रहिवाशांसाठी असते, व्हिजिटर व्हिसावर गेलेल्यांसाठी नाही.

कायमचं राहणं सोपं नाही

‘पोरगा तिकडं स्थायिक झाला, आता आम्हीही जाऊ’ असं बोललं जातं. नियम तेवढे सैल नाहीत. अमेरिकेत मुलगा किंवा मुलगी तिथली नागरिक असेल आणि वय २१ पूर्ण असेल तरच आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. मुलाकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर चालत नाही. आणि आई-वडिलांना ग्रीन कार्ड मिळालं तरी ६५ वर्षांवरच्यांची सरकारी योजना, मेडिकेअर, लगेच मिळत नाही. तिथं कधीच काम न केलेल्या माणसाला सलग ५ वर्षं राहिल्यावर हप्ता भरून ती घेता येते. तोवर स्वतःची सोय स्वतः करावी लागते.

ऑस्ट्रेलियात पालकांच्या कायम व्हिसाची साधी रांग काही दशकांची आहे. लवकरच्या रांगेसाठी माणशी ४० हजार डॉलरच्या वर सरकारी फी लागते, आणि त्या रांगेलाही वर्षं लागतातच. ब्रिटनमध्ये नियम इतके कडक आहेत की रोजच्या कामांसाठी दुसऱ्याचा आधार लागतो आणि ती सेवा भारतात मिळतच नाही, हे सिद्ध करावं लागतं. म्हणून आपल्याकडचे बहुतेक आई-वडील व्हिजिटर व्हिसावरच जातात, काही महिने राहतात आणि परत येतात.

कुठं किती दिवस राहता येतं

अमेरिकेचा बी-१/बी-२ व्हिसा भारतीयांना बहुधा १० वर्षांसाठी मिळतो. फी १८५ डॉलर, नाकारला तरी परत मिळत नाही. १० वर्षांचा व्हिसा म्हणजे १० वर्षं राहायची परवानगी नव्हे, आणि इथंच लोक फसतात. विमानतळावर उतरल्यावर अधिकारी किती दिवस राहायचं ते ठरवतो, बहुधा ६ महिने. ती तारीख आय-९४ या नोंदीत ऑनलाइन दिसते. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाला ती बघायला लावा आणि परतीचं तिकीट त्याआधीचं ठेवा. पूर्वी ८० च्या पुढच्यांना मुलाखत माफ होती. ती सवलत २ सप्टेंबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या आजी-आजोबांनाही मुंबईला जावं लागतं. मुलाखत मराठीत देता येते. एजंटाने पाठ करून दिलेली इंग्रजी वाक्यं म्हणण्यापेक्षा आपल्या भाषेत खरं सांगितलेलं बरं.

कॅनडात आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी ‘सुपर व्हिसा’ आहे. एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं आणि व्हिसा १० वर्षांपर्यंतचा मिळू शकतो. पण विम्याशिवाय तो मिळतच नाही. किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, म्हणजे ६० लाख रुपयांच्या वरचा, किमान एक वर्षाचा वैद्यकीय विमा काढून त्याचे पैसे भरल्याचा पुरावा द्यावा लागतो. नुसतं कोटेशन चालत नाही. विमा कॅनडातल्या कंपनीचा लागतो. जानेवारी २०२५ पासून तिथल्या नियामकाने मान्यता दिलेल्या बाहेरच्या कंपनीचाही चालतो. म्हणून इथल्या गल्लीतल्या एजंटाकडून कोणतीही पॉलिसी घेण्याआधी ती मान्य आहे का ते मुलाने तपासावं. याशिवाय वैद्यकीय तपासणी, मुलाचं निमंत्रणपत्र आणि त्याच्या पुरेशा उत्पन्नाचा पुरावा लागतो.

जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स वगैरे २९ देशांचा शेंगेन व्हिसा असतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. किमान ३० हजार युरोचा, म्हणजे साधारण ३० लाख रुपयांचा विमा सक्तीचा आहे. त्यात मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्चही धरलेला हवा. हा विचार कुणाला आवडत नाही, पण तो खर्च लाखांत जातो.

ब्रिटनचा साधा व्हिजिटर व्हिसा एका वेळी ६ महिन्यांचा. विमा सक्तीचा नाही, म्हणून बरेच जण काढत नाहीत. तिथं अपघात विभागात तपासणीला पैसे पडत नाहीत, पण दवाखान्यात दाखल करून घेतलं की पाहुण्यांना सरकारी दराच्या दीडपट बिल लागतं. ५०० पौंड किंवा जास्त थकवले तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. अमेरिकेतही सरकार विमा मागत नाही, आणि उपचार सगळ्यात महाग तिथेच आहेत. अंगावर बेतलं तर तिथला इमर्जन्सी विभाग पैसे नसले म्हणून परत पाठवू शकत नाही, तसा कायदाच आहे. बिल मात्र नंतर घरी येतं.

विमा घेताना

शुगर, बीपी, हृदयाचा स्टेंट, किडनीचा त्रास. साठीनंतर यातलं काहीतरी असतंच. विम्याच्या भाषेत याला ‘आधीपासूनचा आजार’ म्हणतात, आणि बहुतेक भांडणं इथंच होतात. फॉर्ममध्ये ‘कोणताही आजार नाही’ असं लिहिलं की हप्ता कमी बसतो. एजंटही सुचवतो, ‘बीपी कशाला लिहिता, काका?’ तिथं छातीत दुखून दाखल व्हावं लागलं की कंपनी जुने कागद मागते. तिथल्या डॉक्टरला आपण स्वतःच सांगितलेलं असतं की १० वर्षांपासून गोळी चालू आहे. ते त्याच्या कागदावर येतं आणि क्लेम नाकारला जातो. फॉर्मवर सही तुमची असते, एजंटाची नसते.

आजार खरा लिहिला तरी सगळं मिळेलच असं नाही. साध्या प्रवास विम्यात जुन्या आजाराचे नेहमीचे उपचार नसतात. काही पॉलिसी जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरते पैसे देतात, काही तेही देत नाहीत. हप्त्यात हजार-दोन हजार वाचवण्यापेक्षा हे एक कलम वाचून घेतलेलं जास्त मोलाचं. कॉलेजात शिकणारी भाची-पुतणी असेल तर तिला पॉलिसीची पीडीएफ वाचायला बसवा.

दुसरी अडचण मर्यादांची. वर मोठ्या अक्षरात ५० हजार डॉलर लिहिलेलं असतं. आत बारीक अक्षरात साठीच्या वरच्यांसाठी खोलीभाडं, आयसीयू, ऑपरेशन यांच्या वेगवेगळ्या मर्यादा असतात. अमेरिकेत मिळणाऱ्या पॉलिसीही दोन तऱ्हेच्या असतात. एका तऱ्हेत प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम मिळते, दुसरीत सुरुवातीची ठरावीक रक्कम तुम्ही भरल्यावर बाकीच्या बिलाचा मोठा हिस्सा कंपनी उचलते. समजा पहिल्या तऱ्हेत दिवसाला १,५०० डॉलर ठरलेत आणि बिल ८ हजार आलं, तर साडेसहा हजार मुलाच्या खिशातून जातात. हप्ता स्वस्त का, ते इथं कळतं. वय ७० च्या पुढे गेलं की मिळणारी रक्कम घटते, ८० नंतर आणखी. भारतात काढताना पॉलिसी ‘अमेरिका-कॅनडासह’ आहे की ‘वगळून’, तेही बघा.

दातांचे नेहमीचे उपचार, चष्मा, नेहमीची तपासणी आणि भारतात परत येईपर्यंत थांबू शकणारं ऑपरेशन बहुधा विम्यात बसत नाही. म्हणून डोळे, दात, रक्त सगळं इथेच तपासून निघावं. मोतीबिंदू पिकला असेल तर आधी ऑपरेशन, मग विमान.

विमा घरातून निघाल्याच्या दिवसापासून परत येईपर्यंतचा हवा. मुक्काम वाढवायचा असेल तर मुदत संपण्याआधी पॉलिसी वाढवून घ्या. संपल्यावर बहुधा नवीनच काढावी लागते, आणि मध्ये झालेला आजार तिच्यात जुना धरला जातो. दाखल व्हायची वेळ आली तर शक्य तितक्या लवकर पॉलिसीवरच्या नंबरवर मुलाने फोन करावा, म्हणजे कॅशलेसची सोय असेल तर मिळते. भारतीय कंपनीने क्लेम अडवला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात कार्यालय आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

निघण्याआधी गावातली कामं

पासपोर्ट, आधार आणि पॅनवर नाव, जन्मतारीख एकच आहे का ते पहा. जुन्या माणसांच्या बाबतीत शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरी तारीख सर्रास असते. व्हिसाचा अर्ज भरण्याआधीच ते दुरुस्त करा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. आखातात मुलाकडे पाहुणे म्हणून जाणाऱ्यांना इमिग्रेशनची वेगळी परवानगी लागत नाही, आणि ५० च्या पुढच्यांना तो शिक्का लागूही होत नाही.

सहा महिने बाहेर राहायचं तर खरीप किंवा रब्बी एक हंगाम जाणारच. ई-पीक पाहणी कोण करणार, सोसायटीचं कर्ज कोण भरणार, हे भावाला किंवा पुतण्याला सांगून ठेवा. सह्यांची कामं असतील तर मुखत्यारपत्र करा, पण त्यात जमीन विकायचा अधिकार गरज नसताना लिहू नका. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये लागतो, ८० वरच्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो.

गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या घ्या, मूळ पाकिटातच ठेवा, आणि डॉक्टरकडून औषधाच्या मूळ नावासह इंग्रजीत चिठ्ठी घ्या. दुबईकडे जाताना ट्रॅमाडॉल, कोडीन असलेल्या दुखण्या-खोकल्याच्या औषधांवर कडक नियम आहेत, आधी विचारून घ्या. ऑस्ट्रेलियाला जाताना लोणचं, मसाले, बियाणं, तूप काहीही नेलं तर विमानातल्या कार्डावर लिहा. लपवलं तर दंड होतो. गोळ्या, चिठ्ठी आणि पॉलिसीची छापील प्रत हातातल्या पिशवीत असू द्या, मोठी बॅग कधी कधी दुसऱ्याच विमानाने येते.