पंचवीस टक्क्यांत न बसलेला जिल्हा

बीडला येणाऱ्या पाहुण्याला खजाना बावडी दाखवायला नेले की तिच्या नावाची गोष्ट सांगितली जाते. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, सलाबतखानाने राजा भास्कर याच्या हातून ही विहीर बांधून घेतली. खजिन्यातला पैसा पाण्यावर खर्च झाला म्हणून ती खजाना बावडी, असे लोक म्हणतात. गोष्टीतले खरे किती, हा भाग निराळा. पण सरकारी तिजोरीतल्या पैशाने चार शतके टिकणारी सोय करता येते, एवढे ती बावडी पाहून पटते.

आरोग्यासाठी झालेल्या सरकारी खर्चाचा या जिल्ह्याचा अलीकडचा इतिहास आंबेजोगाईपासून सुरू करावा लागतो. निजामी अमलात या गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि तिथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. पुढे १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले. १९७४ साली याच गावात हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नेत्याचे, स्वामी रामानंद तीर्थांचे, नाव घेऊन वैद्यकीय महाविद्यालय निघाले. ग्रामीण भागातले आशियातले पहिले, असा त्याचा लौकिक. जिल्ह्यातल्या गरीब मुसलमानाला मोठ्या आजारात आधार या रुग्णालयाचाच. तिथे केसपेपर काढताना कोणी जमात विचारीत नाही आणि ते योग्यच आहे. पण सगळ्यांसाठी असलेली सोय सगळ्यांपर्यंत सारखीच पोहोचते का, हा प्रश्न सरकारदरबारी आकड्यांनिशी मांडला जायला बरीच वर्षे जावी लागली.

तो मांडला सच्चर समितीने. मार्च २००५ मध्ये नेमलेल्या या समितीचा अहवाल २००६ च्या अखेरीस आला. आपल्या सभासंमेलनांतून त्यातले शिक्षणाचे आणि नोकरीचे आकडे पाठ झाले, आरोग्याचे पान मात्र फारसे कोणी उलगडले नाही. त्या पानावर एक चकित करणारी गोष्ट आहे. मुसलमानांतले बालमृत्यूचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा काहीसे कमीच निघाले. म्हणजे मागासलेपणाची प्रत्येक रेषा एकाच दिशेने जाते असे नाही. त्याच अहवालात हेही आहे की मुसलमान वस्ती दाट असलेल्या मोठ्या गावांपैकी सुमारे ४० टक्के गावांत दवाखान्याची सोयच नव्हती. मूल जगवणारी आई आणि दवाखाना नसलेले गाव, ही दोन्ही चित्रे एकत्र ठेवून वाचली पाहिजेत.

त्याच वर्षी पंतप्रधानांचा नवा पंधरा कलमी कार्यक्रम जाहीर झाला. त्यातली कलमे एकदा सावकाश वाचावीत. शाळा आहे, उर्दू आहे, मदरसा आहे, कर्ज आहे, घरकुल आहे, दंगलीचा बंदोबस्तही आहे. आरोग्याचे स्वतंत्र कलम नाही. त्यातल्या त्यात जवळचे म्हणजे पहिले, अंगणवाडीचे.

यानंतर खरा पैसा आला तो २००८-०९ साली, बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रमातून. अकराव्या योजनेत त्यासाठी ३,७८० कोटींची तरतूद झाली आणि देशातले ९० जिल्हे निवडले गेले. महाराष्ट्रातून परभणी, हिंगोली, वाशीम आणि बुलढाणा. बीड नाही.

का नाही, याचे उत्तर अंकगणितात आहे. अल्पसंख्याकांचे प्रमाण किमान २५ टक्के हवे, किंवा संख्या पाच लाखांवर आणि प्रमाण निदान २० टक्के हवे, अशी अट होती. आता २०११ च्या जनगणनेचे आकडे पाहा. बीडमध्ये मुसलमान सुमारे १२ टक्के, हिंगोलीत सुमारे ११. मग हिंगोली आत आणि बीड बाहेर कसे? हिंगोलीत बौद्ध बांधव १५ टक्क्यांच्या आसपास आहेत. दोघांची बेरीज पंचविशी ओलांडते. बीडमध्ये बौद्धांची नोंद तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणून बेरीज तोकडी पडते. हिंगोलीला मिळाले याचे वाईट वाटण्याचे कारण नाही, तिथली गरज खरीच होती. पण बीड, परळी, आंबेजोगाई, माजलगावच्या मोहल्ल्यांतली गर्दी आणि गटारे या बेरजेत कुठेच उमटली नाहीत.

दुसरी गोष्ट मला अधिक खटकते. जिल्हे निवडताना आठ कसोट्या लावल्या होत्या. साक्षरता, स्त्रियांची साक्षरता, कामातला सहभाग, स्त्रियांचा कामातला सहभाग, पक्क्या भिंती, पिण्याचे पाणी, वीज, संडास. आजार आणि मृत्यू यांतली एकही नाही. लसीकरण आणि दवाखान्यातले बाळंतपण यांची मोजणी झाली ती निवडलेल्या जिल्ह्यांच्या पाहणीत, म्हणजे जिल्हे ठरल्यानंतर. आजारावरून जिल्हा निवडला असता तर यादी कदाचित वेगळी झाली असती.

सरकारला दोष देताना आपलाही हिशेब मांडावा. अल्पसंख्याकांच्या निधीतून आपण पुढाऱ्यांकडे काय मागितले? कब्रस्तानची भिंत, शादीखाना, ईदगाहचे सुशोभीकरण. मेलेल्यांची सोय हवीच. पण मोहल्ल्यात उपकेंद्र किंवा बाळंतिणीसाठी जागा हवी, म्हणून निघालेला मोर्चा माझ्या ऐकिवात नाही.

अशा दुर्लक्षाची किंमत कोण देते, ते २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राला कळले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. दर सहा जणींत एक. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांतल्या. ही बाई सगळ्या जातीजमातींची आहे, टोळ्यांत काही मुसलमान घरेही असतात. ती सहा महिने फडावर असते. गावातले उपकेंद्र तेव्हा तिच्या कामाचे नसते, आणि परतल्यावर पोट दुखू लागले की उचल घेतलेल्या पैशातून खासगी दवाखाना गाठावा लागतो.

मधल्या काळात योजना बदलत गेली. २०१३ साली जिल्ह्याऐवजी तालुका आणि शहर हे माप आले. २०१८ मध्ये तिचे नाव प्रधानमंत्री जनविकास कार्यक्रम झाले आणि ८० टक्के पैसा शिक्षण, आरोग्य व कौशल्यासाठी ठेवायचे ठरले. २०२२-२३ पासून ती देशातल्या सर्व जिल्ह्यांना लागू झाली. जिल्हा म्हणून बीडचे दार उघडले ते असे, चौदा वर्षांनी. पैसा इमारतीसाठी मिळतो, ६० टक्के केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. डॉक्टर, नर्स आणि औषधे राज्याने पुरवायची. प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढून जातो. तिथे भाषणाचा उपयोग नाही, आकडे लागतात. कोणत्या गल्लीत किती बाळंतपणे घरीच झाली, किती लेकरांची लस राहिली, किती बायांची पिशवी काढली. यातले बरेचसे आशाताईंच्या वहीत लिहिलेले असते. ती वही मागायला अजून आपल्यातले कोणी गेलेले नाही.